वरचं क्वार्टर

आमचं घर आमचं नव्हतं, नोकरीचं होतं. हे मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, मार्थाला, चालायला लागल्यापासून माहीत होतं. नागपुरातल्या एका मिशन हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आठ क्वार्टरांची रांग होती. माळी, धोबी, चौकीदार, झाडूवाले, स्वयंपाकी असे सगळे त्यात राहायचे. एक खोली, मागे अर्धी खोली, वर सिमेंटचे पत्रे, आणि आठ घरांना मिळून एक नळ. नोकरी आहे तोवर क्वार्टर. माणूस रिटायर झाला, कामावरून निघाला किंवा मेला, की ऑफिसातून कागद यायचा आणि दोन महिन्यांत सामान हातगाडीवर चढायचं. चार नंबरातला स्वयंपाकी असाच गेला. त्याच्या बायकोनं भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेले. त्याच दिवशी बाबा आमच्या भिंतीवर कॅलेंडर लावायला खिळा ठोकत होते, तर मायनं त्यांचा हात धरला. "कशाले भोकं पाडता? सोडाच लागन ना एक दिवस." ते कॅलेंडर वर्षभर ट्रंकेवर आडवं पडून राहिलं आणि तारीख पाहायची तर आम्ही त्यावर वाकून पाहायचो.

त्या रांगेचे आवाज मला अजून सलग आठवतात. पहाटे धोबीघरातल्या बॉयलरचा फुसकारा, मग नळावरच्या बादल्या, मग हॉस्पिटलची घंटा, आणि घंटेबरोबर बाबांचं खोकणं. आमच्याकडे सकाळी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी असायची, संध्याकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी, आणि रविवारी चर्चहून आल्यावर पाव किलो मटणाचा पातळ रस्सा. त्यात माझ्या आणि मार्थाच्या वाटीत फोडी यायच्या, मायच्या वाटीत बटाटा. लोक म्हणतात गरिबीतही गोडी असते. मी तसं लिहिणार नाही. मला तेव्हाही भूक लागायची आणि मला ती आवडत नव्हती.

बाबांचं नाव दानिएल, पण सगळे दानू माळी म्हणायचे. त्यांना सही येत होती, पुढचं येत नव्हतं. माय तर अंगठ्यावरच होती. मी मात्र कॉलेजात होते, आणि हे बाबांनी सगळ्या हॉस्पिटलला सांगून ठेवलं होतं. कोणी डॉक्टर बागेतून जात असला की बाबा उभे राहायचे आणि विचारायचे, "साहेब, किती वाजले?" साहेबानं वेळ सांगितली की म्हणायचे, "नाई, पोरीची कॉलेजातून याची वेळ झाली का पाहून राहिलो होतो. बी.ए. पार्ट टूले हाय ते." त्यांच्या मनगटावर त्यांचं स्वतःचं चालू घड्याळ असायचं. मला याची फार लाज वाटायची. आज मी हे लिहिताना लाज वाटत नाही, पण तेव्हा वाटायची हे लपवून तरी काय करायचं.

माझी पार्ट टूची परीक्षा आटोपली आणि नवतपा लागला, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. नागपूरचा नवतपा ज्यानं काढला आहे त्याला ऊन समजावून सांगावं लागत नाही. बाबा चार वाजता पाइप घेऊन कर्दळीच्या वाफ्याकडे गेले. साडेचारला धोबीघरातली शेवंताबाई धावत आली आणि माझ्याकडे बघून नुसता हात केला. मी गेले तेव्हा बाबा वाफ्याच्या कडेला एका कुशीवर पडले होते आणि पाइपातून पाणी वाहत होतं. वाफा भरून पाणी वाटेवर आलं होतं आणि त्यांची चप्पल त्यात तरंगत होती. मी पहिलं काय केलं, तर नळ बंद केला. पाणी वाया जातं म्हणून बाबा रागावले असते, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मग वळून त्यांच्याजवळ बसले. डॉक्टर हृदय म्हणाले, बायका ऊन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली. पेटी हॉस्पिटलच्या सुतारानंच केली होती. गीतं म्हटली गेली, मीही म्हटली, सगळी कडवी, पुस्तक न बघता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. घरी आल्यावर बायका आपसांत बोलायला लागल्या, "मोठी रडून नाई राहिली. तिले रडवा कोनी, नाईतर डोक्यात जाते." चंद्रपूरहून आलेल्या एका मावशीनं माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. दुखलं. मी "दुखतं ना, मावशी," म्हणाले आणि उठून चहाचे कप विसळायला बसले. मला दुःख झालं नव्हतं असं नाही. ते कुठे होतं ते मला सापडत नव्हतं. हात चालत होते, पाय चालत होते, मार्थाची वेणी मी घालत होते, आणि हे सगळं दुसरी कोणी करत असावी तसं मी पाहत होते.

त्या तीन दिवसांत आमच्या घरात चूल पेटली नाही. शेवंताबाई दोन्ही वेळ खिचडी आणायची. ती दोन नंबरात राहायची, तिचा नवरा चौकीदार. ते बौद्ध. आमच्या मायची आणि तिची नळावर रोज भांडणं आणि रोज गप्पा. ती मायच्या शेजारी भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "मले तुमच्यातलं काही बोलता येत नाई वं दानूच्या बायको. आमच्यात वर काही नसते. मी नुसती बसतो." आणि खरंच नुसती बसायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांत्वनाची सभा होती. आमचे पाद्रीसाहेब अहमदनगरकडचे, त्यांची मराठी स्वच्छ, एकेक शब्द इस्त्री केलेला. त्यांनी शास्त्रातला तो भाग वाचला जो अशा वेळी नेहमी वाचतात. प्रभू शिष्यांना सोडून जाणार आहे आणि त्यांचा धीर सुटला आहे, तेव्हा तो त्यांना सांगतो की बापाच्या घरात राहायला जागा पुष्कळ आहेत, आणि मी पुढे जातोय तो तुमची जागा तयार करायलाच. मी हा भाग लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की तो कानावरून गेला. मायही ऐकत आली होती. पण त्या दिवशी तिनं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"पाद्रीसाहेब," ती म्हणाली, सभा चालू असताना, "तिथं बी क्वार्टर नोकरीवरच भेटते काय?"

कोणीतरी खोकलं. चंद्रपूरच्या मावशीनं पदर तोंडाला लावला. माझे कान तापले. कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई असं विचारते, हेच माझ्या मनात. पाद्रीसाहेबांनी मात्र चष्मा काढला आणि पुस्तक मांडीवर मिटलं.

"नाही बाई. नोकरीवर नाही. बापाचं घर आहे ते. लेकराला बापाच्या घरात जशी जागा असते, तशी."

"म्हंजे सोडा म्हणत नाईत?"

"नाही म्हणत."

"माणूस म्हातारा झाला, काम होऊन नाई राहिलं, तरी?"

"तरी."

"कागद येत नाई?"

"कागद येत नाही, बाई."

मायनं मान हलवली. "मंग पक्कं हाय," ती म्हणाली. आणि पाद्रीसाहेब गेल्यावर तिनं शेवंताबाईच्या खिचडीतली अर्धी थाळी खाल्ली.

त्यानंतर रोज दुपारी ती मला तो भाग वाचायला लावायची. मी वाचायचे, परीक्षेच्या नोट्स वाचाव्यात तसं. एके दिवशी तिनं विचारलं, "जागा म्हंजे क्वार्टरच ना?" मी शिकलेली. मी तिला दुरुस्त केलं. म्हटलं, "माय, ते तसं नसतं. जागा म्हणजे इथं आत्म्याचं स्थान असा अर्थ घ्यायचा." तिनं थोडा विचार केला. "राहाची जागा असंच लिवलं हाय ना?" "हो." "मंग मानूस जिथं राहते त्याले काय म्हणते वं?" मी पुढची ओळ वाचायला घेतली.

बाराव्या दिवशी ऑफिसचा कागद आला. तो वाचायचं काम माझंच. त्यात आदरानं, शोक व्यक्त करून लिहिलं होतं की दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यावी. तोच शब्द. रोज दुपारी मी मायला जागा तयार आहे असं वाचून दाखवायचे आणि त्या दिवशी दुसऱ्या कागदावर वाचलं, जागा रिकामी करा. ते वाचून माझा आवाज जराही हलला नाही, हे मला आठवतं. मायनं नुसतं विचारलं, "तारीख कोनती?"

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई केरळच्या. वीस वर्षं नागपुरात राहूनही त्यांची बोली हिंदी आणि मराठीची खिचडी होती. माणूस मात्र सरळ. त्यांनी मला बोलावून घेतलं. "देखो कृपा, वॉर्ड में एक जागा आहे. आया की. मॅट्रिक पाहिजे, तू तो उससे भी आगे है. तू घेतली तो क्वार्टर तुम्हारा रहेगा. तुम्हारी माँ को नहीं दे सकते, पढ़ी नहीं आणि उमर भी गेली." जागा हा शब्द तिसऱ्यांदा आला, आता नोकरी म्हणून. मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, अर्ज लिहिला. अक्षर सुंदर आलं. सोमवारपासून यायचं ठरलं. कॉलेजचं एकच वर्ष उरलं होतं, पार्ट फायनल, आणि ते सोडताना मला काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. वजन करायच्या काट्यावर काही न ठेवता काटा जसा मध्येच उभा असतो, तशी मी होते. लोक नंतर म्हणाले, घरासाठी त्याग करायला निघाली होती पोरगी. त्याग करायला काहीतरी हवंसं वाटावं लागतं.

घरी येऊन मी सांगितलं. माय अंबाडी निवडत होती. शेवंताबाई दारात बसली होती.

"कॉलेज?" मायनं विचारलं.

"राहू दे."

"कोनाले विचारून?"

"विचारायचं काय त्यात? क्वार्टर राहील."

"क्वार्टरची मले गरज नाई," माय म्हणाली. "त्यायनं पुढं जाऊन पाहून ठेवलं हाय."

शेवंताबाईनं कपाळावर हात मारला. "वं बाई, वरचं कोनी पाह्यलं? हातातलं काहून सोडतं? शिकाचं म्हनशीन तर मले नको सांगू, माह्ये दोन्ही पोट्टे शिकून राहिले. पण पोट्ट्यायले शिकाले डोक्यावर छप्पर लागते!"

"छप्पर भेटन कुठंबी. ते वर्ष नाई भेटन."

"अन् इथून निघाल्यावर जाशीन कुठं?"

मायनं अंबाडीचे देठ गोळा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि ऑफिसात गेली. मी मागून गेले, दाराशी उभी राहिले.

"बाई, पोरीचा कागद वापस द्या," ती मेट्रनबाईंना म्हणाली.

"क्यों? क्वार्टर जाएगा तुम्हारा."

"जाऊ द्या. आमचं दुसरं हाय."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसरा है? कोणी दिला?"

"हिच्या बाबानं पाहून ठेवलं. पुढं गेले ना ते. जागा तयार हाय."

"अच्छा," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "दानू अच्छा आदमी था. पहले से सोचा उसने." त्यांनी माझा अर्ज परत दिला आणि क्लार्कला रजिस्टर उघडायला सांगितलं. क्लार्कनं आमच्या नावापुढे लिहिलं: कुटुंबाची इतरत्र निवासाची सोय आहे. मी दाराशी उभी राहून ते उलटं वाचलं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोलले नाही. माय खोटं बोलत नव्हती आणि मेट्रनबाईंचं चुकत नव्हतं, आणि त्या दोघींच्या मधे काय घडलं ते समजलेली मी एकटीच होते.

परिणाम दुसऱ्याच दिवशी आला. क्लार्क स्वतः दारात येऊन म्हणाला, नवा माळी गावाहून येऊन बसला आहे, त्याची लेकरं व्हरांड्यात झोपतात. तुमचं तर घर तयारच आहे, मग शनिवारपर्यंत रिकामं कराल का? दोन महिन्यांचे चार दिवस झाले. माय म्हणाली, "हो, करतो ना."

तो वळला आणि मी ओरडले. बाबा गेल्यापासून माझा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. "माय, तुला कळतं का तू काय केलंस? कुठलं घर? कुठं आहे घर? तिथं राहायला जायला मरावं लागतं!"

मार्था रडायला लागली. नळावरच्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. मायनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मी एखादं सोपं गणित चुकवलं असावं, तसं.

"हो," ती म्हणाली. "म्हनून तर घाई नाई. तोवर भाड्यानं राहू."

शेवंताबाई पहिल्यांदा हसली. अशी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. "मेट्रनबाईले वरचा पत्ता देऊन आली वं हे! सामान कोन नेईन, देवदूत?" आणि हसता हसता ती रडायला लागली, आमच्या बाबांसाठी, मोठ्यानं. तीन दिवस नुसती बसलेली बाई. मायनं तिला पाणी दिलं. मी बघत होते.

त्याच संध्याकाळी शेवंताबाई आपल्या भावाकडे, नागपुरातल्याच इंदोऱ्याला, गेली. त्याच्या घरामागे एक खोली होती, त्यात जुन्या सायकली पडलेल्या. त्यानं एवढंच विचारलं, "हे लोक सकाळी गाणे म्हनतात म्हने?" शेवंताबाई म्हणाली, "म्हनतात. सुरात म्हनतात. तुह्यापेक्षा बरे." शनिवारी आम्ही त्या खोलीत राहायला गेलो. मायनं जाताना क्वार्टर झाडलं, पुसलं, आणि किल्ली नव्या माळ्याच्या बायकोच्या हातात देऊन सांगितलं, "मागच्या खोलीत पानी गळते, बादली ठेवत जा."

मायला एका शाळेत लहान मुलांना सांभाळायचं काम लागलं. मी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांची शिकवणी धरली. त्या वर्षाबद्दल मला फारसं आठवत नाही. पुस्तकांची पानं आठवतात, पण ती वाचणारी आठवत नाही. रात्री माय दिवा घालवण्याआधी म्हणायची, "तुहे बाबा आता काय करून राहिले असतीन?" आणि मार्था म्हणायची, "झाडाले पानी." आणि माय म्हणायची, "तिथं उन्हाळा नसते." मग त्या दोघी झोपायच्या, आणि मी जागी राहायचे.

पुढे आम्ही चार खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी सामान बांधताना माय म्हणायची, "इथलं काय, हे तर भाड्याचंच होतं." बऱ्याच वर्षांनी मी हिंगणा रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला, दारावर तिचं नाव लावलं, आणि तिला हात धरून आणलं. तिनं भिंती चाचपल्या, गॅलरीत उभी राहिली, नळ सोडून पाहिला. "चांगलं हाय," म्हणाली. "पन पक्कं नाई."

मला विचाराल, तर मला ते वरचं क्वार्टर कधी दिसलं नाही. मी रविवारी चर्चला जाते, गीत म्हणते, आणि सांत्वनसभेत तो भाग वाचला गेला की मान खाली घालून बसते. खरं असावं असं मला वाटतं. मायला जसं माहीत होतं तसं मला माहीत नाही. पण एवढं मी पाहिलं आहे की ज्या बाईजवळ दुसरं काहीच नव्हतं, तिला त्या एका शब्दानं उभं केलं. हातातलं तिनं सहज सोडून दिलं. तिनं सोडलं ते माझ्यासाठी. माझ्या वाट्याला तिचा विश्वास आला नाही. त्या विश्वासानं मोकळं झालेलं एक वर्ष मात्र आलं, आणि ते मी वाया जाऊ दिलं नाही.

ते वर्ष संपलं आणि जूनमध्ये निकाल लागला. मी कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर बोट ठेवून दोनदा पाहिला आणि पायी इंदोऱ्याला आले. मी बी.ए. झाले. सेकंड डिव्हिजन, चार मार्कांनी फर्स्ट हुकली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी झालं नव्हतं.